थॉमसरावांची वंशावळ

अख्ख्या इंग्लंडात लोकांच्या पूर्वजांची काळजी खुद्द त्या लोकांपेक्षा जास्त करणारा एकच माणूस आहे, आणि तो वॉटफर्डला आमच्या शेजारच्या घरात राहतो. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून गेली. भूल देताना बाकीचे डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला लावतात. काका त्याला मूळ गाव विचारायचे. बिचारा गावाचं पहिलं अक्षर उच्चारेपर्यंत झोपी जायचा आणि काकांना दिवसभर रुखरुख लागून राहायची. संध्याकाळी तो शुद्धीवर येऊन "ऑपरेशन कसं झालं?" म्हणून विचारतोय, तोवर हे खुर्ची ओढून "हं, कुठलं म्हणालात?" म्हणत समोर बसलेले असायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहून छापून घेतला आणि मग दिवस त्यांना खायला उठला. तेव्हापासून ते जवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात जुन्या थडग्यांवरची नावं उतरवून घ्यायला लागले. तेही अनवाणी! जानेवारीच्या थंडीत, ओल्या गवतात, नुसत्या मोज्यांवर. एकदा कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी काळजीने विचारलं, तुमचे बूट कुणी चोरले का? काका म्हणाले, "मॅडम, माणसाच्या उरावर बूट घालून उभं राहायचं आणि त्यालाच नाव विचारायचं, हे आमच्यात बसत नाही." त्या बाईंनीही बूट काढले म्हणे. काकू मात्र रोज मोजे पिळताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

याच चर्चमध्ये अमेरिकेतून एक पत्र आलं आणि चर्चचं कामकाज पाहणाऱ्या बाईंनी ते काकांच्या हातात ठेवलं. लिहिणाऱ्या आजी नव्वदीच्या पुढच्या होत्या. त्यांचा मूळपुरुष थॉमस हा अगदी सुरुवातीच्या जहाजांतून तिकडे वसाहत करायला गेलेला, बहुधा याच खेड्यातला. तो कुणाचा मुलगा, एवढंच त्यांना हवं होतं. "डॉक्टरांनी मला फार वेळ दिलेला नाही," असं शेवटी लिहिलं होतं. झालं, काकांनी थॉमसला दत्तक घेतला. त्याला ते थॉमसराव म्हणत. मी एकदा चिडवलं, "काका, दुसऱ्यांच्या जमिनीवर जाऊन बसलेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाला?" काका गंभीर झाले. "त्याने तिकडे काय दिवे लावले तेही मी आजींना लिहिणार आहे. पण आधी तो होता कुणाचा, ते तर कळू दे!"

दोन वर्षं काकांनी जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे शाई चालत नाही म्हणून कानावर पेन्सिल, आणि खाणं चालत नाही म्हणून पोह्यांचा डबा बाहेरच्या बाकावर. थॉमसरावांच्या आडनावाचे सतरा पुरुष त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत गाठले, पण एकाच्याही पोटी थॉमस सापडेना. तिकडे आजींची पत्रं आखूड होत चालली होती, अक्षर हलत होतं. काका जेवेनासे झाले. शेवटी एका रविवारी काकूंनी त्यांची वही ओढून घेतली. मीही तिथेच चहा पीत होतो. वही काकांनी थेट आपल्या कुलवृत्तांतासारखी लिहिली होती, म्हणजे मुलगे नावानिशी आणि मुली नुसत्या संख्येने.

"अहो, हे 'कन्या तीन' म्हणजे कोण?"

"अगं, मुली. लग्नं होऊन दुसऱ्या घरी गेल्या असतील. त्यांचा आपल्याला काय उपयोग?"

"आणि एखादीचं झालंच नसेल तर?"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवीतून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि गाळलेल्या ओळी वाचायला घेतल्या. चौथ्याच पानावर लिहिलं होतं: थॉमस, ॲलिसचा मुलगा. बापाचं नाव नाही. हे पान दोन वर्षं त्यांच्याच पिशवीत होतं.

आता आजींना सांगायचं कसं? त्यांच्या घरात थॉमस म्हणजे मोठ्या खानदानातला अशी समजूत होती. काकांनी टाय बांधला, व्हिडिओ कॉल लावला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा हलक्या आवाजात सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली. पलीकडे आजी उशांना टेकून ऐकत होत्या. मग "ॲलिस," असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "डॉक्टर, मी तुमच्याकडे बाप मागितला होता. तुम्ही मला आजी दिलीत." मला रडू आवरेना. काका टायशी चाळा करत बसले होते.

महिन्याभरात आजी गेल्या. वंशावळीत सगळ्यात वर त्यांनी स्वतः ॲलिसचं नाव लिहिलं होतं, असं त्यांच्या भाचीने कळवलं. काकांनी ती मेल मला तीन वेळा वाचून दाखवली आणि मग एकदम विचारलं, "तुझ्या पणजीचं नाव काय रे?"

"लक्ष्मीबाई," मी म्हणालो.

"ते सासरी ठेवलेलं. माहेरचं?"

मी पुण्याला आईला फोन लावला. ती खूप वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "अरे, आता हे विचारायला कुणीच उरलं नाही." काकांनी पेन्सिल कानावरून काढलेली होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.