टॅनरचं बारसं

पाळण्याच्या दोरीवरून काकूंनी माझा हात उचलून बाजूला केला.

"तू राहू दे गं. सवाष्णींना करू दे."

"मी सवाष्णच आहे, काकू."

"तसं नव्हे. आपल्यातल्या."

शारजातल्या अल मजाजमधला त्यांचा फ्लॅट. नातवाचं बारसं. हॉलभर बायका, सगळ्या मराठी. त्यांतल्या एकीने माझ्या जागी दोरी धरली.

काका माझे मॅनेजर. अबुधाबीच्या ऑफिसात मी त्यांच्याच टीममध्ये इंजिनिअर, म्हणून बोलावणं. थोड्या वेळापूर्वी सोलापूरच्या एका बाईंनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग आजोबा काय करायचे तेही विचारलं. मी सांगितलं. कातडी कमवायचे. आम्ही ढोर. काकू शेजारीच उभ्या होत्या.

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. कान तापले होते. मी शारजात वाढलेली. ते सगळं तिकडेच राहिलं, असं आई म्हणायची. राहिलं नव्हतं. व्हिसा काढून, विमानाने इथे आलं होतं.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. भिंतीवर दिव्यांची अक्षरं लागली. टॅनर.

टाळ्या.

"आधी इंग्लिश सरनेम होतं," बाळाची आई रिया, काकूंची मुलगी, सांगू लागली. "आता फर्स्ट नेम म्हणून एकदम इन आहे. स्कूलमध्ये, एअरपोर्टवर कुणी वाकडं उच्चारणार नाही. साउंड्स सो स्ट्राँग, ना?"

"रुबाबदार आहे हो," काकू म्हणाल्या. "साहेबी."

"पण अर्थ काय?" सोलापूरच्या बाईंनी विचारलं.

रिया गोंधळली.

"मी सांगते," मी म्हणाले. "कातडी कमावणारा. इंग्लंडात जे कातडी चुन्यात भिजवायचे, केस खरवडायचे, त्यांना लोक टॅनर म्हणायचे. तेच पुढे आडनाव झालं. माझ्या आजोबांचं काम, काकू. इंग्रजीत टॅनर, मराठीत ढोर."

पाळणा हलायचा थांबला. काकूंचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"काकूंना एक सॉरी म्हण. मॅटर खलास."

"सॉरी त्या म्हणतील. सगळ्या बायकांसमोर."

"तुझं अप्रेझल माझ्याकडे आहे, हे विसरू नकोस."

"लिहा वाईट. पण कारणही लिहा."



संध्याकाळी रियाचा फोन. रडत होती. "आय लव्ह्ड दॅट नेम. मम्मी चेंज करायला लावतेय. व्हाय डिड यू डू धिस?"

"मम्मीला विचार, माझा हात का उचलला."

तिने फोन ठेवला.

बदलू देत. हवं ते ठेवू देत. शारजा लहान आहे. रोल्ला बाजारातल्या दुकानात, कुणाच्या गणपतीत, शाळेच्या गेटवर कुणीतरी विचारेलच, नाव का बदललं म्हणून. काकू सांगणार नाहीत. मी सांगेन. काकूंचं नाव घेऊन, त्यांचेच शब्द वापरून, त्या समोर असतील तर त्यांच्या डोळ्यात बघून. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.