भाऊजींच्या हाताचा आवाज

भाऊजींचा उजवा तळहात सारखा खाजायचा. खोपोलीच्या एका कागदाच्या कारखान्यात यंत्राच्या रुळांमध्ये सापडून तो हात कोपराखाली चार बोटांवर तुटला होता, तरी खाजायचा. मी पोशीरला त्यांच्या ओटीवर पाय ठेवला की उरलेला हात पुढे करून म्हणायचे, "मास्तरीणबाई, तळवा लई खाजतोय. पैसा येनार दिसतोय. जरा खाजव गं." मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे थट्टा हा त्यांचा हक्कच होता. मी हवेत बोटं फिरवून खाजवल्यासारखं करायचे आणि ते डोळे मिटून "आता बरं वाटलं" म्हणायचे. नवीन माणसाला हा प्रकार बघवत नसे. ताई तर उठून आत जायची.

गावात त्यांना 'रेडिओ' म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडाने ओढवून घेतलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हात गेल्यावर कारखान्याने त्यांना फाटकावर बसवलं होतं आणि ते तिथे बसल्या बसल्या वाळत चालले होते. त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातले डॉक्टर हात तुटलेल्या कामगारांचा शोध घेत कारखान्यात आले. माझी कशेळ्याची शाळा शनिवारी अर्धा दिवस असे आणि ताईला गुरं सोडून निघता येत नसे. म्हणून भाऊजींबरोबर इस्पितळात जाण्याचं काम माझ्याकडे आलं आणि पुढे पाच-सहा वर्षं माझ्याकडेच राहिलं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सगळं नीट समजावलं, हे मी कबूल करते. हात गेला तरी हाताला हुकूम पोचवणारी नस दंडात जिवंत असते, ती अजून हुकूम सोडतच असते, असं ते म्हणाले. त्या नसेभोवती ते रबरासारखी एक मऊ पट्टी गुंडाळणार होते. तिच्यातून केसाएवढ्या बारीक तारा निघून कातडीबाहेर एका छोट्या प्लगला जोडल्या जाणार होत्या. मग दर महिन्याला ते त्या नसेचं बोलणं ऐकणार होते आणि ती किती वर्षं बोलत राहते ते पाहणार होते. भाऊजींचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. टेबलावर एक पोलादी हात पडला होता, ते त्याच्याकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, "पुढेमागे असे हात याच आवाजावर चालतील." भाऊजींनी आपला डावा पंजा त्याच्या शेजारी ठेवून बघितला. "बोटं लांब हायत," ते म्हणाले, "शेरातल्या मानसाची. पन चालंल मला." डॉक्टर नुसते हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. माणूस काय समजून बसलाय ते त्यांना त्याच क्षणी दिसायला हवं होतं.

जखम भरल्यावर पहिलं रीडिंग झालं. भाऊजींना खुर्चीत बसवलं, प्लगला वायर लावली आणि शेजारी लाउडस्पीकर ठेवला. "दंड अगदी ढिला सोडा," डॉक्टर म्हणाले, "दंड हलला तर स्नायूचा आवाज येतो, तो आम्हाला नको. फक्त मूठ मिटा." नसलेली मूठ कशी मिटायची हे भाऊजींनी विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि स्पीकरमधून चुलीवर लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. मूठ उघडली की आवाज बंद, मिटली की पुन्हा लाह्या. भाऊजींचा चेहरा आधी भ्याल्यासारखा झाला, मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ऐकलंस का गं?" ते मला म्हणाले. "हाय माझा हात. कुटं गेला नाय." मीही रडले.

गावी परतल्यावर ते भेटेल त्याला सांगत सुटले, "माजा हात रेडिओवर बोलतो." झालं, पोरांनी रेडिओकाका करून टाकलं. पारावरून कुणी ओरडायचं, "काय रं रेडिओ, आज काय लागलंय?" भाऊजी दंडावरचा प्लग पिरगळल्यासारखं करून सांगायचे, "बातम्या. तुजा बाप उधारी देत नाय म्हनून सांगतायत."

त्या प्लगची निगा मात्र एखाद्या तान्ह्या मुलासारखी चालायची. रोज स्पिरिटने पुसायचं, गॉज बदलायचं, वर ताईने विणलेली अर्धी बाही चढवायची. पावसात कारखान्यातून आणलेली प्लास्टिकची पिशवी बांधायची. डॉक्टरांनी चिखलात उतरायला मनाई केली होती, कारण घाण आत गेली तर सगळं पिकलं असतं. भाताच्या खाचरात चिखलाशिवाय काय असतं? भाऊजींची गावात खरी ओळख आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांतली होती. रोपं उपटायची, दोन्ही हातांनी पेंढ्याच्या काडीने त्यांची जुडी, म्हणजे मूठ, बांधायची आणि लावणाऱ्या बायकांच्या मागे अशी फेकायची, की बाईने न बघता हात मागे केला तर मूठ हाताशी लागावी. आता ते छत्री धरून बांधावर उभे राहायचे. ताई वाकून रोपं लावायची आणि मूठ संपली की सवयीने हात मागे करायची.

"एका हातानं मूठ बांधता येत नाय," ते मला एकदा म्हणाले. "तो हात मिळाला की पयली मूठ तुज्या ताईला टाकनार." इस्पितळात डॉक्टर मूठ मिटायला सांगत तेव्हा ते मनात रोपंच उपटत असायचे. "नुसती मूठ मिटत नाय गं," ते म्हणायचे. "हातात कायतरी पायजे."

तिसरं की चौथं वर्ष असेल. लाह्या कमी फुटायला लागल्या. आधी मध्ये मध्ये खंड पडू लागला, मग कान देऊन ऐकावं लागू लागलं. डॉक्टर शांतपणे यंत्रातून निघणारी कागदाची पट्टी बघायचे आणि "ठीक आहे, पुढच्या महिन्यात या" म्हणायचे. भाऊजी मात्र घाबरले. परतीच्या वाटेवर कर्जतपर्यंत प्लगवरची बाही सारखी करत राहिले. मग म्हणाले, "आवाज बसत चाललाय. एवढा मोटा मानूस, इतकी वरसं आपल्यासाटी खपतोय. त्याला असं रिकामं लावायचं म्हंजे काय? आन् आवाजच नाय तर हात चालनार कशावर?"

पुढच्या खेपेला आवाज खणखणीत आला. डॉक्टर खुर्चीतून उठले. शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावून आणलं, पुन्हा मूठ मिटायला लावली, पुन्हा तोच आवाज. भाऊजींच्या कपाळावर घाम होता आणि ते दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून हसत होते. वर्षभर असंच चाललं. डॉक्टर पाठीवर थाप मारायचे, चहाबरोबर बिस्किटं यायची. ताईने त्या वर्षी नव्या तांदळाची पिशवी डॉक्टरांकडे पाठवली.

एक दिवस बाहेरगावचे कुणी म्हातारे तज्ज्ञ रीडिंग बघायला आले. दोन मिनिटं ऐकून ते उठले आणि भाऊजींच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "ढिला सोडा." आवाज थांबला. "आता मूठ मिटा. फक्त मूठ." काहीच आलं नाही. भाऊजी वर्षभर गुपचूप दंड आवळत होते. स्पीकरमधून येत होता तो दंडाच्या स्नायूचा आवाज होता.

डॉक्टर ओरडले नाहीत. कागदाच्या पट्ट्या बाजूला सारून म्हणाले, "वर्षभराची रीडिंग वाया गेली."

"चुकलं सायेब," भाऊजी म्हणाले. "आवाज कमी झाला तर तुमचं काम आडंल म्हनून केलं. मंग आता हात?"

"कुठला हात?"

भाऊजींनी टेबलाकडे बोट दाखवलं. तो पोलादी हात इतकी वर्षं तिथेच पडून होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, तो नुसता नमुना आहे," ते म्हणाले. "त्याला अजून पुष्कळ काळ आहे. नस किती वर्षं बोलते, एवढंच आम्हाला बघायचं होतं. ती गप्प झाली असती तरी चाललं असतं. तेच लिहिलं असतं."

मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मराठी शाळेतल्या बाईच्या तोंडी शोभेल असं त्यात काही नव्हतं. इतकी वर्षं आमचा माणूस चिखलाला शिवला नाही, ते तुमच्या लिहिण्यासाठी का, असं विचारल्याचं आठवतं. भाऊजींनीच मला दंडाला धरून बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात इस्पितळाने तारा कातडीशी कापून टाकल्या. नसेभोवतीची पट्टी आतच ठेवली. त्रास होणार नाही, म्हणाले.

मला वाटलं होतं, आता हा माणूस डॉक्टरला शिव्या घालील. मला तेच हवं होतं. उलट ते माझ्यावरच चिडले. "तू त्याला बोललीस ते चांगलं नाय केलंस. फशिवलं मी त्याला, त्यानं मला नाय." पारावर कुणी "आज काय लागलंय रं?" विचारलं तर मान खाली घालून निघून जायचे. तळवा खाजल्याचं पुन्हा कधी बोलले नाहीत. पाऊस लागला तसे खाचरात उतरले, पेंढ्याची काडी दातात धरून एका हाताने मुठी बांधू लागले. त्या सैल बसायच्या आणि फेकल्या की हवेतच सुटायच्या. ताई पाण्यातली रोपं गोळा करायची.

ओटीवर बसून ते डोळे मिटायचे आणि डावा पंजा उजव्या दंडावर ठेवायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दंड हालतो का बघतोय. आता नुसती मूठ मिटते बग. डाक्टरला एकदा खरं रीडिंग देऊन येतो." मी म्हटलं, "भाऊजी, तारा कापल्यात." तर म्हणाले, "परत जोडतील की. आत पट्टी हाय ना." शेवटी मी इस्पितळात चौकशी केली. डॉक्टर परदेशात निघून गेले होते. त्यांच्या खोलीत दुसरंच काही चाललं होतं आणि रीडिंगचं कुणाला ठाऊकही नव्हतं. मी भाऊजींना ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता आयकनार कोन?"

दोन पावसाळ्यांनंतर ते काविळीने गेले. शेवटच्या दुपारी ताई पेज गरम करायला आत गेली होती आणि उशाशी मी होते. त्यांनी डोळे मिटूनच मला उजव्या दंडावर हात ठेवायला सांगितला. हाडाला कातडं चिकटलं होतं, तारा निघायच्या तिथे एक गाठ हाताला लागत होती.

"मिटतोय," ते म्हणाले. "दंड हालला?"

"नाही भाऊजी."

"नीट बग गं."

मी नीट पाहिलं. दंड जरासुद्धा हलला नव्हता. आत ती पट्टी नसेभोवती तशीच होती आणि ऐकायला कुणी नव्हतं.