हौसाकाकू आणि पंख्याचं बटण

हौसाकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी पंखा बंद करायच्या आणि मग बसायच्या. माझ्याकडेही तेच! चैत्रातला उकाडा, मी नुकतीच शाळेत शिकवून आलेली, घामाने निथळतेय, आणि ही बाई खटकन बटण दाबून वर मलाच विचारणार, "बाई, मागली खिडकी काय शोभंला ठेवलीय? वारा भायेर उभा हाय, त्याला आत घ्या ना!" अस्सा राग यायचा! पण खिडकी उघडली की वारा यायचा, हेही खरं. मागच्या वर्षी काकू गेल्या. अजून बटणाकडे हात गेला की मी आधी खिडकीकडे बघते.

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि काकू तिथल्या सरपंच. त्यांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण जुन्या आरोग्य उपकेंद्रात, लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात झालं. बाळ राहिलं नाही. पुढे नवं उपकेंद्र मंजूर झालं तेव्हा काकू शहापूरला इंजिनियरसाहेबांपुढे ठाण मांडून बसल्या. वर्षभरात जेवढी वीज लागेल तेवढी स्वतःच बनवणाऱ्या इमारतींना सरकार मदत करतं, हे त्यांनी सरपंचांच्या सभेत ऐकलं होतं. "आमाला तसलीच पायजे. दुसरी नाय," एवढंच म्हणत राहिल्या. साहेबही भला माणूस. त्याने नकाशा बदलला. पश्चिमेला खोल पडवी, भिंतींत वर झरोके, छपरावर सोलर, आत बॅटरी. "घर थंड बांधलं का निम्मी वीज लागतच नाय," असं काकू गावभर सांगत सुटल्या.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात वीज कमी पडायला लागली! साहेब आले, शिडी लावून वर चढले आणि हसतच सुटले. आमच्या बायांनी सोलरवर गोणपाट अंथरून मोहाची फुलं वाळत घातली होती. तापलेली जागा, कोंबड्यांचा त्रास नाही, अजून काय हवं? सगळ्यात मोठं गोणपाट खुद्द काकूंचं निघालं.

"ऊन वाया जाताना बघवलं नाय रे साहेबा," काकू ओशाळून म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उपकेंद्रामागे बांबूचा उंच मांडव घातला आणि गावाची फुलं तिथे हलवली. वर्षअखेरीला बनवलेली आणि वापरलेली वीज बरोबरीत आली.

पुढच्या वैशाखात वादळाने विजेचे खांब पाडले आणि त्याच संध्याकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. सगळं गाव अंधारात, उजेड फक्त उपकेंद्रात. मी पोचले तेव्हा नात रडत होती, खणखणीत. वर पंखा गरगरत होता. काकू समोरच उभ्या, म्हणून पंखा बंद करायला सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

काकूंनी तो धरला.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "चालू ऱ्हाऊ द्या. आपल्या उन्हाचा हाय." आणि तिथेच भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, पोटभर रडल्या.