नमद्याचे बूट

रशियात, उरल डोंगरांतल्या आमच्या तळ्याकाठी, तारेच्या कुंपणात, युद्धानंतर काही जर्मन आणून ठेवले होते. राइनहोल्ड टाऊबर्ट त्यांतले एक, युरेनियम शुद्ध करणारे रसायनतज्ज्ञ. आम्ही त्यांना राइनहोल्ड कार्लोविच म्हणायचो. मी बॉयलर सांभाळायचो. उबेला ते माझ्याकडे येऊन बसत.

पुढे त्यांना माशांच्या खाद्याच्या तपासणीवर बसवलं. घरी सोडण्याआधी काही वर्षं गुपित कामापासून दूर ठेवायचं, डोक्यातली माहिती शिळी होऊ द्यायची, असा नियम होता. जुन्या कामाचा विषय निघाला की ते चहाचा पेला घेऊन उठायचे.

"मला काही सांगू नका. मी निवतोय."

"निवता निवता गोठाल हो इथेच!" मी म्हणायचो.

जर्मनीत हाल्ले गावी बायको होती, मुलगी होती. ते निघाले तेव्हा ती भिंतीला धरून चालायची. "आता वेण्या घालत असेल," म्हणायचे. थोड्या वेळाने, "की केस कापले असतील?"

मुदतीचा शेवटचा हिवाळा सरला तसे त्यांनी आपले नमद्याचे, जाड दाबलेल्या लोकरीचे बूट मला दिले.

"हाल्लेत हे घातले तर पोरगी हसेल. तुम्ही वापरा, लुकिच."

शरदात त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतली फाइना शेकायला आली. हात बाह्यांत लपवलेले. चहा घेताना बोटं दिसली. कातडी सोलवटलेली, नखं काळी. कार्लोविच पेला घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

"जा ना अहो!" मी म्हणालो.

"जा, राइनहोल्ड कार्लोविच," फाइनाही म्हणाली. "मी कुठे काय बोलले?"

"किती जणींचे हात असे झालेत?"

"सगळ्यांचेच."

त्यांनी पेला खाली ठेवला. "हल्ली काय गाळता तिकडे?"

तिने सांगितलं. ते तिच्याबरोबर गेले. हाताने गाळणं बंद करवलं, भांडी शिशाच्या विटांआड नेली, लांब चिमटे करवून घेतले. पोरींचे हात हळूहळू बरे झाले.

अधिकाऱ्याने मात्र त्यांना बोलावून घेतलं. "आता तुम्हाला नवीन कळलंय. मुदत पुन्हा पहिल्यापासून."

पहिला बर्फ पडला तेव्हा ते दारात उभे होते, शहरी जोडे भिजलेले.

"लुकिच, ते बूट..."

मी ते घातलेच नव्हते. खुंटीवरून काढून दिले. त्यांनी बसून चढवले.

"तुम्हाला मुली आहेत. पाय वर्षाला किती वाढतो हो?"

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. ते बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले. मला हात खाली घेववेना.