संतोषच्या हातातून रेस्ट काढून घेतला

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

माझा मित्र संतोष चाकणला प्रेस मशीनवर होता. तिथे त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. टेबलावरचा पूल खेळताना त्याला हातावर काठी टेकवता येत नाही, म्हणून लांबच्या बॉलसाठी असलेला, काठी टेकवायचा रेस्टचा दांडा तो प्रत्येक शॉटला घेतो.

आज कुरुळीच्या स्पर्धेत समोरचा खेळाडू म्हणाला, "बॉल जवळ आहे, रेस्ट कशाला? ही लबाडी झाली."

पूल पार्लरच्या मालकाने रेस्ट काढून घेतला. संतोष "राहू दे राव" म्हणत निघून गेला.

पुढच्या डावात लबाडी म्हणणाऱ्या त्याच माणसाचा हात लांबच्या बॉलपर्यंत पोहोचेना. मालकाने लगेच रेस्ट आणून दिला.

मी जाब विचारला. मालक म्हणाला, "नियम आहे, भाऊ."

हा नियम कुठला, कुणी सांगेल का?