वावरातली लोखंडबंदी

गुडीहत्नूरच्या पुढे हायवे सोडून गाडरस्त्याला लागलं की आमचं वावर येतं. कपाशी, कडेने तूर, विहिरीजवळ वांगी-मिरच्या. त्याच्या पार मागच्या टोकाला मुरमाचा एक उंचवटा आहे. तिथे काहीच उगवत नाही, म्हणून तो मला मिळाला. उगवत असतं तर दादाने दिला नसता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात बहिणीला मुरूम मिळाला तरी पुष्कळ झालं.

मी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करते. आमच्या घरात हे कधी कुणाला नीट कळलं नाही आणि मीही समजावण्यात फार जीव आटवला नाही. सूर्याकडून येणारे तडाखे ध्रुवांवर जोरात बसतात. तिथलं चुंबकत्व थरथरतं, आकाशात हिरवे पडदे हलतात. त्याच थरथरीचा बारीक अंश आपल्याकडेही पोचतो. तो कसा आणि किती क्षीण होऊन पोचतो, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी एक यंत्र अंटार्क्टिकात आणि एक इकडे, दोन्ही वर्षभर सोबत चालायला हवी होती. इकडची जागा शांत पाहिजे. विजेची तार नको, मोटर नको, आणि मुख्य म्हणजे जवळपास लोखंड नको. हैदराबादच्या आमच्या संस्थेने दोन-तीन जागा काढल्या होत्या, मी आमचं वावर पुढे केलं. कारणं सगळी शास्त्रीय दिली. पण खरं सांगायचं तर वर्षभर बर्फात बसून मला घरच्या जमिनीची खबर रोज हवी होती.

मुरमात खड्डा खणून दगडी खांब उभा केला, त्यावर यंत्र, वर लाकडी झाकण. बाजूला मोबाइलचं सिम घातलेली एक पेटी, म्हणजे नोंदी परस्पर हैदराबादला जातील. आणि भोवती चुन्याची एक रेघ मारून मी सगळ्यांना बजावलं की या रेघेच्या आत लोखंड न्यायचं नाही.

दादाने ही लोखंडबंदी इतकी मनावर घेतली की मलाच हसू यायचं. वहिनीला तो पदराची पिन काढायला लावायचा. पाहायला येणाऱ्यांना आधी रेघेबाहेर उभं करून खिसे रिकामे करायला सांगायचा. गावातल्या एका मामांनी विचारलं, "काऊन बावा, आत देव हाये का?" तर दादा म्हणाला, "देव नाई मामा, दक्षिण ध्रुव हाये. इथं हल्लं का तिकडे बाईले समजते." मी निघाले त्या दिवशी त्याने मला इचोड्यापर्यंत सोडलं आणि बस येईपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "तू बर्फाचं पाह्य. इथलं मी पाह्यतो." माझ्यासाठी कुणी असं काही बोलल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

तिकडे पोचले, हिवाळा लागला, सूर्य गेला तो गेलाच. यंत्राची झोपडी तळापासून दूर होती, लाकडाची, पितळी स्क्रूंची. वारा सुटला की दोरीला धरून तिथपर्यंत जायचं. परतून आले की हैदराबादहून आलेल्या नोंदी उघडायच्या आणि दोन रेषा एकाखाली एक लावायच्या, वरची बर्फाची, खालची आमच्या मुरमाची. वरची धिंगाणा घालायची आणि खालची तिच्यामागून हळूच अंग झटकायची. ती खालची रेष पाहिली की माझा दिवस बरा जायचा.

त्याच अंधारात आमचं राज्य बदललं, आमचा भाग आंध्रातून वेगळा निघाला. नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणी थट्टेने विचारलं की आता परत कुठे जाणार. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. आमच्या आजोबांनी हेच वावर निजामाच्या राज्यात वाहिलं, मग हैदराबाद राज्यात, मग आंध्रात. आमच्या घरात राज्य बदललं की कचेरीतली बोली बदलते आणि बाकी पेरणी वेळेवर होते, एवढंच माहीत.

त्यानंतर काही आठवड्यांनी खालची रेष एका दुपारी पायरी उतरावी तशी खाली आली आणि तिथेच राहिली. मग रोज दिवसा तिच्यात खळगे दिसायला लागले. रात्री रेष गुळगुळीत, दिवसा खळगे.

तळावरचे आमचे प्रमुख वयस्क बंगाली गृहस्थ होते, फार कमी बोलायचे. त्यांनी रेष पाहिली आणि म्हणाले, "किसी ने लोहा रखा है वहाँ।"

मी म्हटलं, शक्य नाही. ते माझं घर आहे.

रविवारी घरी फोन लागायचा. आवाज पोचायला जरा वेळ लागतो, म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर थांबावं लागतं. मी दादाला स्पष्ट विचारलं, "यंत्राजवळ काही ठेवलं का कुणी? काही बांधलं का?" उत्तर नेहमीपेक्षा उशिरा आलं असं मला वाटलं नाही.

"काई नाई ना बाई. मी रोज पाह्यून येतो. मायची शपथ."

आईने फोन घेतला. "कोनी जात नाई तिकडे. कुत्रंबी फिरकत नाई. तू तब्येतीले जप."

प्रमुखांनी तरीही सांगितलं की हैदराबादहून माणूस पाठवू, गरज पडली तर यंत्र दुसरीकडे हलवू, अजून वेळ आहे. सूर्याकडून येणारी मोठी वादळं पुढेच यायची होती. मी नको म्हटलं. पावसाचं पाणी मुरून खांब कलला असेल, ऊन-सावलीने दिवसा हलत असेल, असा हिशोब मी मांडला. त्यांनी विचारलं, इतकी खात्री कशी? मी म्हटलं, "मेरा भाई झूठ नहीं बोलता।" त्यांनी मान हलवली आणि तो विषय माझ्या शब्दावर सोडून दिला. मग उरलेलं वर्ष मी ती पायरी खांबाच्या कलण्याच्या नावावर टाकून दुरुस्त करत राहिले.

परतल्यावर दिल्ली, हैदराबाद सगळं सोडून आधी घरी गेले. नेरडीगोंड्याहून येताना हायवेच्या दोन्ही अंगांना नवी बांधकामं उठलेली दिसली. कुठे दुकानांचे गाळे, कुठे लग्नाचा हॉल, कुठे नुसतेच कॉलम. नव्या राज्यात रस्त्यालगतचा भाव चढला होता आणि ज्याला जमेल तो काहीतरी बांधत होता. आमच्या गाडरस्त्यावरही टेंपोच्या चाकोऱ्या पडल्या होत्या. त्यांच्या मागे मागे चालत मी उंचवट्यापाशी पोचले.

टिनाचं मोठं शेड होतं. माझ्या झाकणापासून चार हातांवर. आत इचोड्याच्या एका व्यापाऱ्याचा माल, सळयांचे भारेच्या भारे छतापर्यंत रचलेले, बांधणीच्या तारेची वेटोळी, खिडक्यांच्या जाळ्या. साऱ्या जगातून आमच्या दादाला भाडेकरू लोखंडवाला मिळावा! चुन्याची रेघ टेंपोच्या चाकांखाली कधीच पुसली गेली होती. यंत्र मात्र जागेवर होतं, मुकाट सगळं नोंदवत. इतके महिने मी ज्याला कललेला खांब म्हणत होते, ते हे होतं, आणि दिवसाचे खळगे म्हणजे टेंपोंची ये-जा. त्या पायरीनंतरची एकही नोंद उपयोगाची उरली नव्हती. त्याहून वाईट, मी त्यासाठी माझा शब्द दिला होता.

दादा मागून आला. मला वाटलं, खाली मान घालेल. त्याने घातली नाही.

"तो मानूस मांगंच लागला होता ना," तो म्हणाला. "इथं पिकत तं काई नाई. रिकामं पडून राह्यते. भाडं येते आता."

"मी विचारलं होतं तुला. शपथ घेतलीस."

"मंग काय सांगू तुले? तू तिकडून बोंबलली असती, झोप नसती आली तुले. अन् तुयं खरं काम तं तिकडे होतं ना, बर्फात. इथं काय, एक डबा होता."

एक डबा. हा तोच माणूस, जो लोकांचे खिसे रिकामे करवायचा. मला त्याचा राग आला. पण त्याहून जास्त मला लाज वाटली, की तो सारा सोहळा मी खरा मानला. त्याच्या लेखी तो खेळ होता, बहीण निघेपर्यंत खेळायचा. पाठ वळली तसा तो संपला होता.

आई तोवर शेडच्या सावलीत, बाहेर पडलेल्या सळयांच्या भाऱ्यावर येऊन बसली होती. मी तिच्याकडे वळले. निदान हिला कळत नसेल, हिला सांगितलं तसं ती बोलली असेल, असं मला धरून बसायचं होतं. मी विचारलं, "मा, तू तरी कधी इकडे आली होतीस का?"

ती सहज म्हणाली, "दर आइतवारी. तुया फोन यायचा ना. घरी रेंज येत नाई, साऱ्या वावरात येते तं इथंच. आमी दोघं इथंच या सळाखीवर बसून बोलत होतो तुयाशी." आणि माझ्यासाठी जागा करत तिने शेजारचा भारा हाताने झटकला.

मी बसले नाही. वर्षभर मी जो आवाज ऐकून झोपत होते, तो इथून येत होता. त्या रात्री घरी जेवले नाही आणि त्यानंतर आजवर त्या घराला मी एकही प्रश्न विचारलेला नाही.