देवाच्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीट माहीत नाही. खरं तर मी मुद्द्याचं बोलणारी बाई. नात्यात लग्नकार्य निघालं की सामानाची यादी करायला मलाच बोलावतात. पण या एका गोष्टीपाशी आले की पहिलं वाक्यच सापडत नाही. तेव्हा जरा लांबून येऊ द्या.

मी धावायचे. शंभर-दोनशे मीटर नव्हे — लांब पल्ल्याचं, दहा किलोमीटर आणि त्याच्याही पुढचं. वडील बँकेत होते, बदली होऊन आम्ही नाशिकहून सुरतेला आलो आणि इथलेच झालो. चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यावर शहर बदललं. रस्ते रुंद झाले, उजाडायच्या आत झाडलेले असायचे. डुमसच्या रस्त्याला सकाळी आम्ही चार-पाच मुली आणि आमचे गुजराती सर, सायकलवरून ओरडत येणारे. त्या रस्त्यावर मला वाटायचं, माझं काहीतरी होणार. 

फक्त महिन्यातले ते दिवस सोडून.

पाळी यायच्या आदल्या दिवशी माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी चमकायला लागायचं. वेल्डिंगकडे चुकून पाहिल्यावर राहतो तसा एक वाकडातिकडा उजेड. मग समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा नाहीसा व्हायचा. आणि मग डोकं. अर्धशिशी म्हणतात, पण त्या शब्दात काय आहे? कपाळाच्या एका बाजूला कुणी आतून कापडाचा लूम चालवतंय — असं. उलट्या व्हायच्या. गिरण्यांकडून वारा आला की रंगाच्या वासानेच मी कोलमडायचे. आई म्हणायची, पित्त आहे. डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की जाईल. सरांना मी काहीच सांगितलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला पाठ होतं. मी माझे माझे उपाय शोधले होते. ओल्या रुमालाने कपाळ करकचून बांधायचं. मीठ-लिंबाचं पाणी. कोरी कॉफी. धान्याच्या कोठ्या ठेवायच्या खोलीत दार लावून पडायचं, आणि उठल्यावर दोन दिवसांचं धावणं एका दिवसात भरून काढायचं. 

शर्यत त्या दिवसांत आली तर? तर देवाच्या गोळ्या.

हे नाव आमच्या घरचं. गौरी यायच्या असल्या, पूजा असली आणि घरातल्या कुणाची पाळी मध्ये येणार असली, की ती पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या. तुमच्याही घरात आणल्या असतील. औषधवाला काही न विचारता कागदात गुंडाळून द्यायचा. आईने माझ्यासाठी पहिल्यांदा आणल्या त्या गौरींसाठी. नंतर मी स्वतः आणू लागले — शर्यतीसाठी. आईला कळलं असतं तर म्हणाली असती, देवासाठीच्या वस्तूचा हा काय उपयोग! 

दोन-तीन वर्षांत मला त्या गोळ्यांचं सगळं कळलं होतं. घेत आहोत तोवर पाळीही नाही आणि डोकंही नाही. बंद केल्या की तिसऱ्या दिवशी दोन्ही एकदम. आणि ते डोकं नेहमीचं नाही — थोपवून धरलेलं सगळं एकाच वेळी अंगावर येतं. म्हणून मी शर्यतीच्या सकाळपर्यंत घ्यायचे, धावायचे, बक्षीस घ्यायचे, आणि मग घरी येऊन मरायचे. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

आता भारतीबद्दल सांगायला हवं.

भारती सुरतेतल्याच डिंडोलीच्या कामगार वस्तीतली. वडील लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. मूळचे खानदेशातले. प्लेगात गावी पळाले होते ते परत आले, आणि त्याच हिवाळ्यात ही मुलगी एका सकाळी आमच्या रस्त्याला हजर झाली. पायात कुणाचे तरी मोठे बूट, बोळे कोंबलेले. मी चोवीसची, ती एकोणीसची. पहिल्या आठवड्यातच ती माझ्या बरोबरीने धावायला लागली आणि धावता धावता बोलायचीसुद्धा. माझी रुमाल-लिंबू-ग्लुकोजची पिशवी बघून म्हणाली होती, "ताई, शर्यतीला चाललात का रुखवत घेऊन?" सर सायकलवरून पडायचे बाकी राहिले होते.

मला ती आवडायची. हे खोटं नाही. ती मला धाकट्या बहिणीसारखी होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

आणि तिलाही अर्धशिशी होती. माझ्यासारखीच, त्याच दिवसांत. एकदा पुलाच्या कठड्याला धरून ओकत होती, मी जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, उजेड दिसतो का आधी? तिने इतक्या आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं! "ताई, तुम्हाला पण?" जगात आपण दोघीच आहोत, असं आम्हाला त्या क्षणी वाटलं. मी तिला रुमाल बांधायला शिकवलं. तिच्या एका खोलीच्या घरात अंधार कुठून आणायचा? आईची साडी डोक्यावरून घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या दिवसांत तिला दाराजवळ वेगळंच बसवायचे, तेव्हा कोपरा तर आयताच मिळायचा, असं सांगून ती हसायची.

मग निवडीची शर्यत ठरली. राज्याच्या शिबिरासाठी सुरतेतून एकच मुलगी जाणार होती. शिबिराला गेलेल्या मुलींना खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी लागायची. माझं ते शेवटचं वर्ष होतं; बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. भारतीच्या घरचं याहून सरळ होतं. तिचे वडील सरांना माझ्यासमोर म्हणाले होते, "निवडली गेली तर पळू द्या. नाही तर उन्हाळ्यात लगीन." म्हणजे दोघींनाही ती जागा हवी होती. आणि ती माझ्यापेक्षा वेगवान होती. सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. बहुतेक फक्त तिलाच माहीत नव्हतं.

शर्यत आमच्या दोघींच्याही त्याच दिवसांत आली.

ती माझ्या घरी आली. चपला बाहेर काढून, दारातच उभी. म्हणाली, "ताई, आमची देवी कानबाई बसते ना श्रावणात, तेव्हा माय गल्लीतल्या बायांना गोळ्या घ्यायला लावते, विटाळ नको म्हणून. त्या शर्यतीला चालतात का हो?" मी म्हटलं, चालतात. मी पण घेते. तिला इतका आनंद झाला! मग विचारलं, किती दिवस घेऊ, कधी बंद करू? 

इथे मला थांबावंसं वाटतं. कितीदा थांबले आहे इथे. एखादा शब्द पटकन तोंडातून निसटला, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही. ती येणार हे मला ठाऊक होतं, ती काय विचारेल तेही. उत्तर मी आधीच तयार ठेवलं होतं.

मी म्हटलं, "रविवारी शर्यत आहे ना? शुक्रवारपासून बंद कर. गोळी अंगातून निघून जायला हवी, नाही तर पाय जड पडतात."

एवढंच. याला खोटं बोलणं म्हणतात का? मला वाटतं, याला त्याहून वाईट काहीतरी म्हणतात. मी तिच्या डोक्यात ते दुखणं हाताने नेऊन ठेवलं — दिवस बघून. आणि वर म्हटलं, "भरपूर पाणी पी." 

ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून, ताई."

मी माझी गोळी रविवारी सकाळीही घेतली.

पहिला अर्धा रस्ता ती पुढे होती. तिची वेणी मला दिसत होती. मला वाटलं, काही होणार नाही, माझा अंदाज चुकला — आणि मला हायसं वाटलं की राग आला? दोन्ही. मग परतीच्या वळणावर तिने डावा हात उचलून एक डोळा झाकला. झाकला, काढला, परत झाकला. हे कशासाठी करतात, ते त्या रस्त्यावर फक्त मला कळत होतं.

मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती चालत होती. माझ्याशी ती नेहमी शाळेतली मराठी बोलायची. त्या दिवशी घरची अहिराणी निघाली. "ताई, माले अर्धाच रस्ता दिसस." माझा हात धरला तिने. बोटं गार होती. 

मी हात सोडवून घेतला. "सावलीत बस," म्हटलं, आणि पुढे गेले.

मी पहिली आले. भारती शेवटपर्यंत आली, बसली नाही कुठे. धावत नाही — चालत, थांबत, ओकत, रस्त्याच्या कडेचे खांब धरत आली. शर्यत बघायला आलेली तिची आई शेजारून चालत होती, चपला हातात घेऊन. सरांनी विचारलं काय झालं, ती म्हणाली, डोकं. सर वैतागले. "माथुं तो बधांने दुखे, बेन! डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, ते काय कारण आहे?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बोल, तुझं कधी दुखतं?"

सर विचारत होते. तिची आई ऐकत होती, वडील लांब उभे होते. मी एक शब्द बोलले असते — हो सर, दुखतं, मलाही हेच होतं, तिला आणखी एकदा धावू द्या — तर गोळ्यांचं न सांगताही चाललं असतं. तेवढं तरी.

मी म्हटलं, "नाही, सर."

भारतीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं हे खोटं आहे. पण पाहण्यात राग नव्हता. तिला वाटलं असावं, ताईंची निवड झाली आहे, आता त्यांना हे लपवणं भाग आहे. तिने मला सांभाळून घेतलं. खाली वाकून बूट सोडू लागली. 

आठवड्याने घरी आली, आईने केलेले बिबडे, ज्वारीचे पापड, डब्यात घेऊन, माझं अभिनंदन करायला. म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं हो मी. माझंच डोकं फुटकं." मी डबा घेतला. रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली. एवढी रीत पाळली मी.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कडोदऱ्याला. मी शिबिरात होते, गेले नाही. पुढे मला नोकरी लागली, खेळाडूंच्या जागेवर. त्याच नोकरीवर मी घर उभं केलं, मुलाला शिकवलं. धावणं दोन वर्षांत सुटलं. अर्धशिशी मात्र पाळी जाईपर्यंत दर महिन्याला येत राहिली, आणि प्रत्येक वेळी — पण ते सांगत नाही. ते सांगितलं तर शिक्षा भोगल्यासारखं वाटेल, आणि ती काही शिक्षा नव्हती. ते नुसतं डोकं दुखणं होतं.

गेल्या वर्षी बाजारात भारती भेटली. तिनेच ओळखलं, गर्दीत वाकून पाया पडली. बरोबर धाकटी मुलगी होती, शाळेत शिकणारी, काटक, आईसारखेच लांब पाय. भारती कौतुकानेच बोलत होती, "हिला पळायचं वेड आहे ताई. पण हिचं पण डोकं तसंच, त्या दिवसांत. मी सांगते, आपल्या घरात डोकी कच्ची, हे आपलं काम नाही. ऐकतच नाही." मग मुलीला म्हणाली, "विचार यांना. मला किती शिकवलं होतं यांनी, किती जीव लावला. तरी नाहीच जमलं मला."

मुलीने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, खरंच नाही का जमत?" 

तुम्ही काय सांगितलं असतं? मला पूर्ण उत्तर येत होतं. तुझ्या आईला जमत होतं, माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं. भारती हसून माझ्याकडे बघत होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत. ते हसू पुसलं जाताना बघायचं धैर्य मला झालं नाही.

मी म्हटलं, "आईचं ऐक."

दिवाळीनंतर भारतीचा फोन आला. मुलीने शाळेच्या संघातून नाव काढून घेतलं होतं. "माझं ऐकत नव्हती, ताई," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं."

मी म्हटलं, बरं झालं.